कानाचा ठणका आणि घशाची खवखव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सप्ताहात झालेले भाषण. भाषणानंतर भगिनींनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी ना कोणी विदुषी बोलावून आपण व्याख्यान ऐकतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की घरच्याच बाईने घरच्याच विषयावर बोलावे, आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. मी सातवी शिकलेली. डॉक्टरीण नव्हे, नर्सही नव्हे. पण तीन मुले वाढवली, सासूबाईंचा मधुमेह सांभाळला, आणि कानाच्या दुखण्याशी तर माझी लहानपणापासूनची सोयरीक आहे. शिवाय आपल्या बालवाडीत सहा वर्षे मी मुलांना खाऊ वाटते. तेव्हा कोणाचे नाक वाहते आणि कोणाचा कान, हे मला हजेरी होण्याच्या आधी कळते. आज जे बोलणार ते आपल्या पेठेतल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणले आहे. दोन वाक्ये त्यांनी खोडली, ती मी गाळली; म्हणजे उरलेले निर्धास्तपणे ऐकायला हरकत नाही.

कानाची आणि घशाची दुखणी मोठी फसवी असतात. ठणका थांबला, गिळता येऊ लागले, की आपण म्हणतो, सुटलो बाई एकदाचे! बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही मुलांच्या बाबतीत दुखायचे थांबते आणि खरे नुकसान तिथून पुढे सुरू होते. ही मुले ओळखायची कशी, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी कान घेते. कान म्हणजे बाहेर दिसते ती पाळी नव्हे. आपल्या जुन्या घरासारखे त्याचे तीन भाग आहेत. बाहेरची ओसरी, म्हणजे पाळीपासून आत जाणारी वाट. ती एका पातळ पडद्यापाशी संपते. पडद्यामागे माजघर. त्यात तीन एवढीएवढीशी हाडे साखळीसारखी अडकवलेली असतात, ती आवाज आत पोचवतात. आणि अगदी आत देवघर. तिथून मज्जातंतू मेंदूकडे जातो. आता गंमत अशी, की या माजघराला एक परसदार आहे. ती एक बारीक नळी, नाकाच्या मागे घशाच्या वरच्या बाजूला उघडते. मोठ्या माणसांत ती उतरती असते, लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून मुलाला सर्दी झाली, की नाकातले जंतू परसदाराने माजघरात शिरतात. कान दुखतो तो वारा लागून नव्हे, बहुधा नाकातून. टोपरे बांधून हे दुखणे टळत नाही, असे ऐकून आमच्या आजेसासूबाई असत्या तर माझ्यावर रागावल्या असत्या! टोपरे बांधा, थंडीत उबेला ते बरेच. पण बाळाला उताणे निजवून बाटलीने दूध पाजू नका, घरात चुलीचा किंवा विडीचा धूर कोंडू देऊ नका, आणि अंगावरचे दूध पाजता येईल तितके पाजा. कानाला याचा उपयोग टोपऱ्यापेक्षा अधिक.

कान दुखतो म्हटले की पहिला प्रश्न हा, की दुखते आहे ते ओसरीत की माजघरात. डॉक्टर दिव्याच्या नळीने आत पाहून सांगतात, पण आपल्यालाही थोडा अंदाज बांधता येतो. कानाच्या भोकापुढे जो कूर्चेचा लहानसा उंचवटा आहे तो हलकेच दाबा, पाळी जराशी ओढा. त्याने कळ उठली तर दुखणे ओसरीतले: कानात आकडा नाहीतर काडी घातलेली असते, विहिरीत किंवा तलावात पोहणे झालेले असते, किंवा आत फोड आलेला असतो. दाबून विशेष काही वाटत नाही, पण चार दिवसांची सर्दी आहे, ताप आहे आणि रात्री आडवे केले की मूल किंचाळते, तर दुखणे माजघरातले समजावे. तान्हे मूल बोलू शकत नाही. ते कान ओढते, मान इकडेतिकडे घुसळते, अंगावर घेतले की दोन घोट पिऊन रडत सुटते, कारण गिळताना कानात दुखते. कधी जोडीला जुलाब आणि उलटीही असते, आणि आपण दातांवर घालून मोकळ्या होतो.

पहिल्या रात्री करायचे ते दुखणे कमी करण्याचे. पॅरासिटामॉल हे साधे औषध त्याला पुरते. पण इथे एक सावधगिरी सांगते, कारण ती चूक मी पुष्कळ घरांतून होताना पाहिली. या औषधाच्या बाटल्या निरनिराळ्या ताकदीच्या मिळतात. एकीत एका लहान चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, 125 मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत 250. मुलाच्या वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम असा हिशेब आहे. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतले 6 मिलिलिटर, पण दुसरीतले फक्त 3. शेजारणीने "एक चमचा दे" म्हटले आणि आपण दिला, असे करू नये. बाटलीवरचा आकडा वाचावा, झाकणाबरोबर येणाऱ्या मापाने मोजावे, दोन वेळांमध्ये सहा तास जाऊ द्यावेत, आणि दिवसात चारदापेक्षा जास्त देऊ नये. मुलांना ॲस्पिरिन मुळीच नाही.

अँटिबायोटिकचे म्हणाल, तर मोठ्या मुलाचा दुखरा कान पुष्कळदा दोन-तीन दिवसांत त्यावाचूनच बरा होतो. म्हणून चांगले डॉक्टर कधी कधी नुसते दुखण्याचे औषध देऊन "परवा दाखवा" म्हणतात. त्यांच्यावर रुसून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ नका. मात्र मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, किंवा दोन वर्षांच्या आतले असून दोन्ही कान धरलेले असतील, कानातून पू येत असेल, ताप फार असेल, तर डॉक्टर लगेच औषध सुरू करतात. ते सांगितले तितके दिवस पुरे द्यावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर कसलाही ताप आला की त्याच दिवशी दाखवायचे. त्याला घरचे औषध नाही.

आता फसवणूक कुठे होते ती पाहा. रात्रभर रडलेले मूल पहाटे एकाएकी शांत झोपते. सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. घरात म्हणतात, कान फुटला, सुटले बिचारे! खरोखरच माजघरात कोंडलेला पू पडदा फोडून बाहेर आलेला असतो, म्हणून ठणका थांबतो. पुष्कळ मुलांचा पडदा थोड्या आठवड्यांत आपोआप सांधतो. पण कानात पाणी जात राहिले, पुन्हापुन्हा सर्दी झाली, उपचार झाला नाही, तर भोक तसेच राहते आणि कान वाहतच राहतो. दोन आठवड्यांहून अधिक वाहिला तर तो जुनाट समजावा. आणि जुनाट वाहणारा कान दुखत नाही! दुखत नाही म्हणून त्याला डॉक्टर दिसत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. मी दुसरीत असताना माझा डावा कान फुटला, आणि पुढे उजवाही. आई गोडेतेलात लसूण कढवून घाली. कोणी सांगितले म्हणून रुईच्या पानाचा रस झाला, कोणी तुरटी फुंकली. यात माझ्या आईचा दोष नाही. तिच्या आईने तिला तेच केले होते, आणि तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटरवर होता. कानाला वास येई म्हणून शाळेत मला शेवटच्या रांगेत बसवले. आधीच ऐकू कमी, त्यात फळा आणि गुरुजी लांब. शुद्धलेखनात मी "मान" ऐकले की "बाण" लिही. गणित मला येत असे, कारण ते फळ्यावर दिसे. तोंडी विचारले की मी गप्प. गुरुजींनी वडिलांना सांगितले, पोरगी मठ्ठ आहे, पण हाताला चलाख आहे. सातवीपुढची शाळा शेजारच्या गावी होती. मठ्ठ मुलीला कशाला तंगडतोड म्हणून मी घरी राहिले. मला ऐकू येत नाही, हे घरात कोणालाच कळले नाही, मलाही नाही. सगळ्यांना इतकेच ऐकू येते अशीच माझी समजूत होती.

2014 साली, माझ्या मधल्या मुलाला घेऊन सरकारी इस्पितळात गेले होते, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी मुलाबरोबर माझ्याही कानात पाहिले. दोन्ही पडद्यांना भोके. त्यांनी आधी कान कोरडे केले, मग डाव्या कानाची शस्त्रक्रिया केली. कानाच्या वर डोक्याच्या बाजूला जो स्नायू आहे, त्याच्यावरचे पातळ आवरण काढून पडद्याला ठिगळ लावतात. आपण जुनेराला लावतो तसेच, पण हे ठिगळ जिवंत राहते. दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी मोरीतला नळ ठिबकत असल्याचे मला ऐकू आले. मी यजमानांना विचारले, हा नळ कधीपासून गळतो? ते म्हणाले, तीन वर्षे. उजवा कान मात्र पुष्कळ आतपर्यंत खराब झाला आहे, त्याला थोडेच ऐकू येते. म्हणून सभेत मी नेहमी उजव्या टोकाला बसते, सगळ्याजणी डाव्या कानाकडे याव्यात म्हणून. काहींना तो माझा मान वाटतो!

तर वाहत्या कानाचे काय करावे? कोरडा ठेवावा, हे निम्मे औषध. स्वच्छ धुतलेले मऊ सुती कापड घ्यावे, वात वळतो तशी त्याची वात करावी आणि काडीवर न गुंडाळता तशीच हलके कानात ठेवावी. ओली झाली की काढून दुसरी, कोरडी निघेपर्यंत. असे दिवसातून तीनदा. वापरलेली वात फेकून द्यायची. कानात बोळा कायमचा कोंबून ठेवायचा नाही, पू बाहेर येऊ द्यायचा. आंघोळीच्या वेळी मात्र कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कान झाकावा, पोहणे बंद. डॉक्टर थेंब देतील ते कान टिपून झाल्यावर घालायचे, नाहीतर पुवावरून ते वाहून जातात. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. थेंब घातल्यावर मघाशी सांगितला तो उंचवटा चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे थेंब आत उतरतात. आणि दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नका. पडद्याला भोक असताना काही थेंब आतल्या देवघरापर्यंत जाऊन ऐकण्याचीच शक्ती घालवू शकतात.

वाहत्या कानाला घाण वास येत असेल आणि औषधाने तो जात नसेल, तर कानाच्या डॉक्टरांनाच दाखवले पाहिजे. एका प्रकारात आत कातडीची पोटळी वाढते आणि हळूहळू हाड खाते. कानामागे सूज, पाळी पुढे ढकललेली, तोंड एका बाजूला वाकडे होणे, चक्कर, मान ताठणे, ताप आणि गुंगी, यांतले काहीही दिसले तर रात्र असो की सणवार असो, इस्पितळ गाठायचे. कानाच्या मागचे हाड पोकळ मधाच्या पोळ्यासारखे असते, आणि त्याच्या पलीकडे मेंदू.

तेलाविषयी मी बोलले नाही तर घरी गेल्यावर तुम्ही मला विचाराल. बाळाच्या कानात, आंघोळीच्या वेळी, सणाच्या दिवशी, सर्वांच्या कानात तेल घालण्याची आपली रीत. चांगल्या कानाला त्याची गरज नाही. कान आपला मळ आपण बाहेर ढकलतो. फुटक्या कानात ते घालणे म्हणजे जखमेत घालणे. आणि पावसाळ्यात तेलाने ओलसर झालेल्या कानात बुरशी धरते. मग नुसती खाज, आणि खाजेपायी काडी, आणि काडीपायी जखम. तेलाला मी एकच जागा ठेवली आहे: पडदा चांगला असलेल्या कानात जिवंत किडा शिरून फडफडत असेल, तर कोमट तेलाचे चार थेंब घालून तो मारावा आणि मग डॉक्टरांकडून काढवावा. चणा, वाटाणा गेला असेल तर पाणी घालू नये, तो फुगतो. घड्याळाची किंवा खेळण्याची चकतीसारखी बॅटरी गेली असेल, तर एक तासही थांबू नये, ती आतून जाळते. जत्रेत बसून कानातला मळ काढणाऱ्यांना मात्र आपला कान देऊ नका. आणि हो, घरात मधुमेहाचे वडील माणूस असेल आणि रात्री झोप उडवील असा कान दुखत असेल, तर त्याला साधे दुखणे समजू नये. आमच्या सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनी हे निक्षून सांगितले होते.

आणखी एक मुका आजार आहे. सर्दीनंतर पडद्यामागे चिकट पाणी साठून राहते. ताप नाही, ठणका नाही. मूल टीव्ही मोठा लावते, हाक मारली तर दुसऱ्या हाकेला बघते, बाई म्हणतात लक्ष नसते. अशा मुलाच्या मागे उभे राहून, त्याला आपले तोंड दिसणार नाही असे, हळू आवाजात त्याच्या आवडीच्या खाऊचे नाव घ्या. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. वळले नाही तर रागावू नका, कान तपासा. बहुधा तीन महिन्यांत हे पाणी आपोआप जाते. न गेल्यास डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात. 2013 पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यात कान वाहणे, ऐकू कमी येणे आणि हृदयाचा विकार ही तिन्ही पाहतात. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

हृदयाचा विकार म्हटला, तो घशाशी जोडलेला आहे. म्हणून आता घशाकडे वळते.

घसा दुखतो तो दहांतल्या बहुतेक वेळा साध्या विषाणूने. त्याबरोबर नाक गळते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात. या विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचा परिणाम होत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पातळ ऊन ऊन भात, विश्रांती, दुखण्यापुरते पॅरासिटामॉल. हळद-दूध, सुंठ, ज्येष्ठमध आवडत असेल तर जरूर द्या. त्याने घशाला बरे वाटते आणि मुलाला आई जवळ बसल्याचे सुख होते. मध मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका.

पण एक घसा वेगळा असतो. पाच ते पंधरा वर्षांचे मूल, सकाळी चांगले, संध्याकाळी एकदम ताप. गिळताना सुया टोचतात. नाक कोरडे, खोकला नाही. हे "खोकला नाही" लक्षात ठेवा. मुलाला दारात उजेडाकडे तोंड करून बसवा, स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने जीभ हलके दाबा आणि "आ" म्हणायला लावा. घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी, ज्यांना आपण टॉन्सिल म्हणतो, त्या लालभडक सुजलेल्या, वर पांढरे ठिपके. जबड्याच्या कोनाखाली बोट लावले तर गाठ लागते आणि ती दुखते. हा बहुधा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा घसा. डॉक्टर शक्य असेल तिथे कापसाच्या बोळ्याने घसा पुसून तपासायला पाठवतात. याला अँटिबायोटिक लागते. पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन, आणि ते दहा दिवस. पूर्वी पेनिसिलीन घेऊन पुरळ उठले असेल, श्वास लागला असेल तर आधी सांगायचे.

मुलाला तिसऱ्याच दिवशी खडखडीत वाटते. बाटली कपाटात जाते, "पुढच्या वेळेला होईल" म्हणून. इथेच दुसरी फसवणूक. हा घसा नुसता सोडला तरी आठवड्याभरात दुखायचा थांबतो. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. शरीर जंतूंशी लढता लढता आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र आखडून बसते. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू करून ते पुरे केले तर हे टळते.

माझ्या दिराची मुलगी अकरा वर्षांची होती. गुडघा दुखतो म्हणून तिला घरी चोळले, वाढते वय आहे म्हणून समजूत घातली. गुडघ्याच्या आधी घसा आला होता, ते कोणाच्या ध्यानातही नव्हते. दोन वर्षांनी जिना चढताना तिला धाप लागू लागली, शाळेतल्या तपासणीत हृदयात वेगळा आवाज ऐकू आला, मग पुढच्या तपासण्या झाल्या. आता दर एकवीस दिवसांनी तिला लांब मुदतीच्या पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, घसा पुन्हा येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून. ते फार दुखते. बारावीच्या परीक्षेतसुद्धा तिने ते चुकवले नाही. लग्नाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तिने आपण होऊन स्थळाला सांगितले, की मला हे आहे, आणि मूल होताना मला मोठ्या इस्पितळात न्यावे लागेल. मुलाकडच्यांनी नकार दिला. ती आता नर्सिंग शिकते आहे.

या पेनिसिलीनची गोष्ट थोडी सांगते. अलेक्झांडर फ्लेमिंग या डॉक्टरांना ते 1928 साली लंडनमध्ये बुरशीत सापडले. आपल्याकडे 1954 साली पिंपरीला त्याचा सरकारी कारखाना निघाला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मदत होती. फ्लेमिंग यांना 1945 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने थोडेसेच औषध घेतो. जंतू मरत नाहीत, पण औषधाला तोंड द्यायला शिकतात. ते शिकलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि तिला औषध लागू पडत नाही. पहा, इतक्या थोर माणसालाही उदाहरण आठवले ते घसादुखीचेच! घशाचा तो विशिष्ट जंतू आजही पेनिसिलीनला दबून आहे, हे आपले नशीब. बाकीचे पुष्कळ जंतू मात्र शिकून हुशार झाले. तेव्हा दोन्ही गोष्टी पाळायच्या. साध्या सर्दीच्या घशाला हे औषध मागायचे नाही, आणि डॉक्टरांनी दिले तर एकही दिवस कमी करायचा नाही. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीवाचून घ्यायची नसते. दुकानदार देतो म्हणून आपण घेऊ नये.

घटसर्पाचे नाव आता पोरींना माहीत नाही, पण तो गेलेला नाही. घशात पांढरट-राखी पापुद्रा, पुसायला गेले तर रक्त येते; मान बैलासारखी सुजते; मूल निस्तेज पडते. हे दिसले की तडक मोठे इस्पितळ. लस हाच त्याचा खरा उपाय: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, मग सोळा ते चोवीस महिन्यांत, पाच-सहा वर्षांना, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी. शेवटच्या तीन पुष्कळ जणी विसरतात. आणि मुलाच्या तोंडातून लाळ गळते आहे, पाणीही गिळवत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना घरघर आवाज येतो, अशा वेळी चमच्याने घसा बघत बसू नका. मुलाला बसते ठेवून तसेच न्या.

आपल्या वयाच्या बायकांना एवढेच, की तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, न भरणारे तोंडातले व्रण, एकाच बाजूला गिळताना दुखणे आणि कान चांगला असून कानात कळ, हे साधे घसादुखी नव्हे. ज्या मशेरी लावतात, तंबाखू धरतात, त्यांनी तर लाज न धरता लवकर दाखवावे.

भाषण संपल्यावर भगिनींनी काही प्रश्न विचारले, तेही चिटणीसबाईंनी लिहून घेतले आहेत.

एकीने विचारले, पडजीभ वाढली की आमच्याकडे एक आजीबाई राख लावून बोटाने दाबतात, करावे का? करू नये. पडजीभ घशाच्या सुजेबरोबर सुजते आणि तिच्याबरोबर उतरते. बोटाने जंतू मात्र आत जातात.

दुसरीने विचारले, टॉन्सिल काढून टाकावेत का? पुन्हापुन्हा घसा येतो म्हणजे किती वेळा, हे वहीत लिहून ठेवा. एका वर्षात सात वेळा, किंवा ओळीने दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरसाल तीन वेळा असे झाले, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्याहून कमी असेल तर वाट पाहतात, मुले मोठी होतात तशी ही दुखणी पुष्कळदा कमी होतात. झोपेत श्वास अडकत असेल तर ती गोष्ट वेगळी. ती जरूर सांगा.

तिसरी आपली नवी सूनबाई. तिने भीत भीत विचारले, आइस्क्रीमने घसा धरतो का? घसा जंतूंनी धरतो, गारव्याने नव्हे. टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना तर इस्पितळात आइस्क्रीम देतात. फक्त गाडीवरचा बर्फाचा गोळा कोणत्या पाण्याचा आहे, ते विचारून घ्यावे.